काचेवरची चिंच

"हे जरा बघता का?" असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि हळूच उघडली.

आत एक पक्षी होता. मुठीत मावेल एवढाच. पाठ हिरवी, पंखावर निळा ठिपका, शेपटीखाली लालभडक, डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेली. रंग इतके ताजे होते की तो मेलेला आहे हे कळायला मला क्षणभर लागलं.

"नवरंग," ते म्हणाले. "पावसाच्या तोंडावर येतात आपल्याकडे. आज सकाळी काचेवर आपटला."

पुडीच्या शेजारीच माझं कटिंग मशीन होतं आणि कुणाच्या तरी बारशासाठी कापलेली गुलाबी अक्षरं पडली होती. मी ती अक्षरं बाजूला सारली, उगाचच.

"तुम्ही आकृत्या कापून देता ना, चिकटवायच्या? मला ससाणा पाहिजे. पंख पसरलेला. काचेवर ससाणा दिसला की बाकीचे पक्षी फिरकत नाहीत, असं वाचलंय मी."

"असं काम मी कधी केलं नाही, काका."

"मग करून बघा." त्यांनी पुडी पुन्हा मिटली. मिटताना पक्ष्याची वळलेली मान त्यांनी बोटाने सरळ केली. "आमची मंडळी दिवसभर त्या काचेसमोर पडून असते. तिच्या डोळ्यांदेखत हे असं होतं. बरं दिसत नाही."

या गोष्टीला आता नऊ-दहा वर्षं झाली. नागपूरची नोकरी सुटल्यावर मी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आईकडे परत आले होते. येताना साठवलेल्या पैशांतून ते छोटं मशीन घेतलं होतं. दिसायला छपाईच्या यंत्रासारखंच, पण त्यात शाईच्या जागी बारीक पातं. कागद, कापड, स्टिकरसाठीचं चिकट व्हिनाइल, जे घालाल ते कापतं. गावात लोकांना त्याचं नवल वाटायचं. वाढदिवसाची नावं, हळदीकुंकवाची पाकिटं, दुचाकीवर चिकटवायचे वाघ, असली कामं यायची. ते गृहस्थ म्हणजे देवराव लांजेवार, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून त्यांचं घर आहे एवढंच मला ठाऊक होतं.

त्यांनी मोबाइलवर शिक्र्याचा, म्हणजे छोट्या ससाण्याचा, एक फोटो पाठवला. अंधुकच होता. तो मी कॉम्प्युटरवर मोठा केला आणि कडेकडेने रेषा ओढत बसले. मशीनला चित्र कळत नाही. पंखाचा रंग, डोळ्यातली चमक, मागचं आभाळ, यातलं काहीही त्याच्या कामाचं नसतं. त्याला फक्त रेषा कळते, आणि तीही जिथून सुरू झाली तिथेच परत येऊन मिळालेली. कुठे केसभर फट राहिली तर पातं तिथेच गोंधळतं. त्यामुळे कुठलंही चित्र मशीनच्या फाइलमध्ये बदलायचं म्हणजे आधी त्यातलं बरंचसं सोडून द्यायचं असतं. मी शिक्र्याचे डोळे सोडले, छातीवरचे पट्टे सोडले. शेवटी उरली पंख पसरलेली एक काळी आकृती. ती मात्र छान जमली होती.

दोन दिवसांनी काळ्या व्हिनाइलचे शिक्रे घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

बाहेरून घर साधंच होतं, कौलारू, जुनं. पण देवरावकाकांनी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. समोर भिंतच नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच, आणि काचेपलीकडे तलाव. पाणी अगदी खोलीत आल्यासारखं वाटत होतं. छतावर पाण्याचा उजेड हलत होता, पांढऱ्या भिंतीवर हलत होता, खोलीच्या मधोमध असलेल्या पलंगावरही हलत होता. आपण होडीत उभे आहोत आणि होडी कुठेतरी चालली आहे, असं मला वाटलं.

"पाय टेकतात हो जमिनीला, ये," पलंगावरून आवाज आला. "सगळे पहिल्यांदा असेच थांबतात."

प्रमिलाकाकूंना उशांवर थोडं उंच करून ठेवलं होतं. जिन्यावरून पडून त्यांचा मणका गेला होता. कमरेखाली काही हलत नव्हतं. डावा हात छातीवर ठेवलेला असे, उजवा तेवढा थोडाफार ऐकत होता. पण चेहरा टवटवीत. केसांत अबोलीचा वळेसर होता.

"ही प्रांजली," काकांनी ओळख करून दिली. "कापगत्यांची. ससाणे आणलेत हिने."

"आता माझ्यावर पहारा बसणार म्हणा."

"तुझ्यावर कशाला? पक्ष्यांवर." काका काचेजवळ गेले आणि तळहाताने तिच्यावरून हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. "ही काच मी मुंबईहून आणवली. एकसंध आहे, मध्ये जोड नाही. ही नागपूरला दवाखान्यात होती तेव्हा सारखी म्हणायची, घरी गेल्यावर मला खिडकीजवळ ठेवा. तेव्हाच ठरवलं, खिडकी कशाला? आख्खा तलावच देतो तुला. काय गं?"

"हो ना," काकू म्हणाल्या. "किती छान दिसतो."

काच पश्चिमेला होती. सकाळी ऊन घराच्या पुढच्या बाजूने यायचं. पलीकडचं आभाळ, पाणी, पाळीवरची झाडं उजेडात न्हाऊन निघायची आणि सगळीच्या सगळी काचेत उमटायची. मी शिडी लावून बाहेरून शिक्रे चिकटवत होते तेव्हा मला ते कळलं. माझ्यासमोर घर नव्हतंच. दुसरा तलाव होता, दुसरं आभाळ होतं, त्यात एक बगळा उडत दूर जात होता. मलाही वाटलं, सरळ आत चालत जावं.

खाली भामाबाई झाडत होत्या. काकूंचं सगळं त्याच करायच्या. माझ्याकडे वर न बघता म्हणाल्या, "कायचे ससाणे जी! आंधळ्यालेबी समजते हे कागदाचे हायेत."

भामाबाईंचं खरं ठरलं. चार दिवसांनी काकांचा फोन आला. दोन शिक्र्यांच्या बरोबर मधून एक हरियल येऊन आपटला होता.

त्यानंतर मी इंटरनेटवर शोधाशोध केली. परदेशात मोठमोठ्या काचेच्या इमारतींवर लोकांनी हे सगळं करून पाहिलं होतं. ससाण्याचं चित्र पक्ष्यांना भिववत नाही. ते त्याला नुसता अडथळा समजतात आणि शेजारच्या मोकळ्या जागेतून जायला बघतात. उपाय एकच होता. काचेच्या बाहेरच्या बाजूने सगळीकडे काहीतरी दाट चिकटवायचं. ठिपके चालतील, रेघा चालतील, पण दोन खुणांमध्ये दोन-तीन बोटांपेक्षा जास्त जागा सोडायची नाही.

मी जाऊन काकांना हे सांगितलं. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे काच झाकायची."

"पूर्ण नाही, काका. बारीक ठिपके. मधून दिसेल सगळं."

"मच्छरदाणीतून दिसतं तसं?" ते ताडकन उठले. "पोरी, तिला आता दुसरं काय उरलंय? चालणं गेलं, बसणं गेलं. सून फोनवर बोलते, नातवंडं फोनवर दिसतात. हा तलाव तेवढा खराखुरा आहे. तोसुद्धा मी ठिपक्याठिपक्यांनी बुजवू?"

"पण पक्षी—"

"मरतात. वाईट वाटतं मला. रोज उठून बघतो मी." त्यांचा आवाज खाली आला. "पण ती आधी."

मी निघाले. मागच्या बाजूने जाताना भामाबाईंनी हाक मारली, "बाई बोलावतात तुमाले."

आत काकू एकट्याच होत्या. मला जवळच्या स्टुलावर बसवलं. पाण्याचा उजेड त्यांच्या कपाळावरून खाली गालावर उतरत होता.

"तू बोललीस ते ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "एक विचारू? ठिपकेच लागतात का?"

"नाही, काहीही चालेल. दाट असलं म्हणजे झालं."

"पानं?"

"चालतील."

"चिंचेची?"

मी विचार केला. चिंचेचं पान म्हणजे मधोमध दांडी आणि दोन्ही बाजूंना इवली इवली पानं. अंतर अगदी हवं तेवढंच. "चिंचेची तर फारच छान होतील, काकू. पण काका नको म्हणाले."

"त्यांचं मी बघते. तू काढ." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला सांगते, तो आवाज फार वाईट असतो. मोठा नसतो. टप् एवढाच. कुणी दारावर एकदाच टकटक करून निघून जावं तसा. सकाळी मी डोळे मिटून घेते. हे येतात तेव्हा म्हणते, झोप लागली होती, मला काही कळलं नाही. ते म्हणतात, बरं झालं."

मी दुसऱ्याच दिवशी चिंचेची डहाळी तोडून तिचा फोटो काढला, रेषा ओढल्या, फाइल बनवली आणि लॅपटॉपवर काकूंना दाखवायला नेली. सुरेख झाली होती. पान न् पान एकसारखं, सरळ रांगेत.

काकूंनी बराच वेळ बघितलं. "हे कुठल्या झाडाचं?"

"आमच्या शाळेमागच्या."

"हं. छान आहे." मग म्हणाल्या, "भामा, तो पुठ्ठा आण गं. आणि पेन्सिल."

भामाबाईंनी पुठ्ठा त्यांच्यासमोर धरला. मी काकूंच्या बोटांत पेन्सिल अडकवली. त्यांनी रेघ ओढायला सुरुवात केली. हात इतका थरथरत होता की रेघ कमी आणि काटेच जास्त उमटत होते. पण कुठे जायचं हे हाताला पक्कं ठाऊक होतं. जाड फांदी डावीकडून येऊन मध्ये वाकली. तिथून दोन फाटे. एक वर गेला, एक पार खाली झुकला. मध्येच त्या थांबायच्या, डोळे मिटायच्या, मग पुन्हा ओढायच्या. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू नको. तुला नाही माहीत ते."

भामाबाई पुठ्ठा धरून उभ्या होत्या. त्यांनी तोंड काचेकडे फिरवलं होतं आणि त्या काहीच बोलत नव्हत्या. एरवी त्यांचं तोंड घटकाभर बंद नसे.

असं आम्ही बरेच दिवस करत होतो. काका दुपारी वाचनालयात जायचे तेव्हा मी यायचे. काकू एका वेळी एखादी डहाळी काढायच्या, मग दमायच्या. मी मोबाइलवर तिचा फोटो घेऊन घरी जायचे आणि फाइल बनवायला बसायचे. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा गुळगुळीत करायची सोय होती. एक बटण दाबलं की सगळी थरथर नाहीशी व्हायची आणि फांदी एकदम डौलदार दिसायची. पहिल्या दिवशी मी तशीच करून नेली.

"हे कोणाचं?" काकूंनी विचारलं.

"तुम्हीच काढलेलं. जरा नीट केलं."

"नको नीट करूस." त्या हसल्या. "झाडं कुठं अशी नीट असतात? आणि वाऱ्यावर ते हलतंच ना?"

मग मी काहीही गुळगुळीत केलं नाही. प्रत्येक काटा, प्रत्येक झटका तसाच ठेवला. मशीनचा जीव मेटाकुटीला यायचा. एरवी सरसर धावणारं पातं त्या रेषांवरून अडखळत, थबकत, थोडं पुढे थोडं मागे जायचं. दुपारी घर शांत असायचं, आई झोपलेली असायची, आणि मी त्या पात्याकडे बघत बसायचे. कुणीतरी अंधारात चाचपडत ओळखीच्या घरातून चालावं, तसं ते चालायचं. कधी कधी मलाच डुलकी लागायची. जागी व्हायचे तेव्हा एक नवं पान सुटं होऊन पडलेलं असायचं.

काकांना सांगितलं का, असं मी एकदा काकूंना विचारलं. "सांगते," त्या म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी त्यांचा निरोप आला, गुरुवारी ये, हे माझी औषधं आणायला नागपूरला जाणार आहेत.

गुरुवारी सकाळी लवकरच मी आणि भामाबाईंनी काच धुतली, पुसली, शिक्रे खरवडून काढले. दुधी रंगाचं, किंचित पारदर्शक व्हिनाइल वापरलं होतं मी. चिकटपट्टीवर उचललेली डहाळी काचेवर टेकवायची, हाताने दाबत जायचं, मग पट्टी हळूहळू सोलून काढायची. पट्टी निघाली की पान काचेवर राहायचं. काकू आतून सांगत होत्या. आवाज काचेतून नीट येत नसे म्हणून त्यांनी बाजूचं दार उघडं ठेवायला लावलं होतं.

"आणखी वर. हां. आता ती खालची, ती अजून डावीकडे. तिथे खोड होतं ना."

"काय होतं?" मी शिडीवरून विचारलं.

"काही नाही. डावीकडे घे."

दुपारपर्यंत अर्धी काच भरली. खालच्या बाजूला पानांची दाटी झाली होती, वर अजून मोकळं आभाळ होतं. मी पाणी प्यायला शिडीवरून उतरले आणि मागे वळले, तर काका उभे होते. हातात औषधांची पिशवी. नागपूरची गाडी रस्त्यातच बंद पडली म्हणून लाखनीहूनच औषधं घेऊन ते परत आले होते.

त्यांनी काचेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"काढा हे," ते म्हणाले.

"काका, काकूंना..."

"काढा म्हटलं ना. तुम्हाला नाही सांगितलं होतं मी?" ते दारातून आत गेले. मीही त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. "प्रमिला, तुझ्या समोर हे चाललंय आणि तू काही बोलली नाहीस?"

"मीच सांगितलं तिला."

"पक्ष्यांसाठी? अगं, करू काहीतरी पक्ष्यांचं. जाळी लावू बाहेर, दुसरं काही बघू. म्हणून तुझा तलाव—"

"तलाव तुमचा," काकू म्हणाल्या.

त्या हळूच बोलल्या होत्या, पण काका थांबले.

"तुमचं सगळं आयुष्य पाण्यात गेलं. धरण, कालवे, तलाव. तुम्हाला पाणी दिसलं की बरं वाटतं. मला कळतं ते." काकूंनी श्वास घेतला. "दवाखान्यात मी म्हणत होते मला खिडकीजवळ ठेवा. कुठल्या खिडकीजवळ म्हणत होते मी?"

"ह्याच. इथल्याच."

"त्या खिडकीतून तलाव दिसायचा का हो?"

काकांनी काचेकडे बघितलं. पिशवी त्यांच्या हातातच होती.

"काय दिसायचं तिच्यातून? आठवून सांगा."

छतावर उजेड हलत होता. मागे भामाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"चिंच," काका म्हणाले.

"लग्न होऊन आले तेव्हापासून ती होती. तुम्ही दौऱ्यावर असायचा, मी त्या खिडकीत उभी राहून पोळ्या लाटायची, तेव्हा इथं स्वयंपाकघर होतं. सुधीर पोटात असताना त्याच फांदीवरच्या चिंचा खाल्ल्या मी, खिडकीतून हात बाहेर काढून. दवाखान्यात डोळे मिटले की ती दिसायची. वाटायचं, पडून राहायचंच असेल तर तिच्याजवळ राहीन." त्या थांबल्या. "अँब्युलन्समधून उतरवून मला आत आणलं. तुम्ही दार उघडलंत. तुमचा चेहरा इतका आनंदी होता. मी काचेतून बघितलं, तर ती नव्हती."

"ती आड येत होती," काका म्हणाले. "तलावाच्या आड."

"माहीत आहे मला."

"तू म्हणालीस, किती छान."

"मग काय म्हणणार होते? तुम्ही चार महिने खपून केलं होतं ते माझ्यासाठी."

काकांनी पिशवी खाली ठेवली. ठेवली कसली, ती सुटलीच. मग ते बाहेर आले, माझ्या शेजारून गेले, आणि काचेपासून दहा-बारा पावलांवर जमीन किंचित उंच होती तिथे जाऊन उभे राहिले. गवत वाढलेलं होतं. त्यांनी पायाने ते बाजूला केलं तेव्हा मला खाली तोडलेला बुंधा दिसला. सकाळपासून मी त्याच्याच शेजारून ये-जा करत होते.

मला वाटलं, आता निघावं. मी कात्री, पट्ट्या गोळा करू लागले. भामाबाई मला खुणेने 'थांब' म्हणाल्या.

काका बुंध्यापाशी तसेच उभे होते, घराकडे तोंड करून. ते काचेकडे बघत होते. मग म्हणाले, "प्रांजली, ती मधली फांदी चुकली आहे."

"कुठली?"

"ती दोन फाटे फुटतात ती. वरचा फाटा सरळ नव्हता जात. तो उजवीकडे वळायचा. तिथे वीज पडली होती एकदा, तेव्हापासून."

आतून काकू म्हणाल्या, "डावीकडे वळायचा."

"उजवीकडे गं. मी तोडताना..." ते अडखळले. "मी बघितलंय ना."

"तुम्ही बाहेरून बघताय. मी आतून सांगते आहे."

काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ते शिडीपाशी आले, चपला काढल्या. "द्या इकडे," मला म्हणाले. "वरचं मी लावतो. तुमचा हात पोचत नाही."

त्या दुपारी त्यांनीच वरची सगळी काच भरली. मी खालून डहाळ्या देत होते. एखादं पान वाकडं बसलं की ते नखाने पुन्हा सोडवायचे आणि आत बघून विचारायचे, "हे असं?" काकू मान हलवायच्या, कधी हो, कधी नाही. काका सरळ रेषेची सवय असलेला माणूस. पहिल्यांदा ती थरथरती कड बघून ते म्हणाले, "हे मशीनने असं का कापलं?" मी सांगितलं की काकूंनी हाताने काढलंय. त्यांनी ते पान हातात धरून उन्हात बघितलं, आणि लावताना अंगठा अगदी सावकाश फिरवला.

पक्षी त्यानंतर जवळजवळ थांबलेच. हिवाळ्यात एक धोबी पक्षी आपटला, पण थोडा वेळ जमिनीवर बसून उडून गेला, असं भामाबाईंनी सांगितलं. त्या कामावरून मला पुढे दूरदूरची कामं मिळाली. एका विश्रामगृहाच्या काचा, एका शाळेच्या. काकू पुढे तीन वर्षं होत्या. शेवटी काका मुलाकडे पुण्याला गेले, घर अजून आहे.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ.

काम संपलं तेव्हा सूर्य तलावावर उतरला होता. ऊन काचेतून सरळ आत आलं आणि काचेवरच्या सगळ्या पानांच्या सावल्या खोलीत पडल्या. भिंतीवर, जमिनीवर, काकूंच्या पांघरुणावर, हातावर, चेहऱ्यावर. बाहेर पाणी हलत होतं, त्याबरोबर उजेड हलत होता, आणि त्या सावल्यासुद्धा हलल्यासारख्या वाटत होत्या. काकू उजव्या हाताची बोटं पांघरुणावरच्या एका डहाळीवरून फिरवत होत्या. काका पलंगाच्या पायथ्याशी बसले होते.

मग सूर्य बुडाला. भामाबाईंनी दिवा लावला. सावल्या गेल्या आणि काचेवर नुसती पानं उरली, दिव्याच्या उजेडात स्पष्ट, उघडी.

"एवढंच राहिलं," काकू झोपाळू आवाजात म्हणाल्या.

"काय?" काकांनी विचारलं.

"चिंच संध्याकाळी पानं मिटते. ती मिटायला लागली की मला कळायचं, आता दिवा लावायचा. देवाजवळ लावायचा, मग तुमची वाट बघायची." त्यांनी मान वळवली. "ही काय मिटणार नाहीत. असू दे."

काका उठले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. त्या काचेला पडदा नव्हता. पडद्याची दांडी नव्हती की खिळा नव्हता, कारण तलाव कुणाला झाकावासा वाटेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ते आतल्या खोलीत गेले आणि एक जुनी हिरवी चादर घेऊन आले. कुठे अडकवायला जागा नाही हे बघून ते सरळ काचेसमोर, पलंगाकडे तोंड करून उभे राहिले, आणि चादरीची दोन टोकं धरून दोन्ही हात डोक्यावर उंच केले. काकूंच्या नजरेसमोरची पानं दिसेनाशी झाली.

"मिटली," ते म्हणाले.

काकू हसल्या. "अहो, हात दुखतील."

"नाही दुखत. तू झोप."

काकूंनी डोळे मिटले. भामाबाई चहा घेऊन आल्या, दारातच थबकल्या, आणि परत गेल्या. मी माझं सामान उचललं. काकूंचा श्वास एकसारखा होत चालला होता. मी चपला घालून मागे वळून बघितलं तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या, आणि काका अजून तसेच उभे होते, हात वर करून, खांदे थरथरत असताना चादर खाली येऊ न देता.